बाळाचे वजन आणि आईचे ताट

बाळंतपणाची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "काय झालं?" आणि दुसरा, "वजन किती?" वजन तीन किलोच्या पुढे असले की आजीचा चेहरा खुलतो. अडीचच्या आत असले की, "असू दे हो, चार महिन्यांत बघा कसं गुटगुटीत होतं ते!" अशी समजूत घातली जाते. आणि मग वाटी-चमचा घेऊन बाळाच्या मागे लागण्याचा जो कार्यक्रम सुरू होतो, तो पुढे कित्येक वर्षे संपत नाही.

मैत्रिणींनो, त्या वजनाच्या आकड्यात बाळाच्या तिशी-चाळिशीतल्या प्रकृतीची थोडीफार चाहूल असते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनातून हेच पुढे आले आहे. यातले फार मोलाचे काम आपल्या पुण्यात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाले आहे. त्याची हकीकत आपण बायकांनी तरी माहीत करून घ्यायलाच हवी, कारण तिचा धागा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

आधी मधुमेहाविषयी दोन शब्द. आपण जेवतो, त्याची रक्तात साखर होते. ही साखर स्नायूंत आणि इतर पेशींत पोचवायला इन्शुलिन नावाचे संप्रेरक लागते, म्हणजेच हार्मोन. पोटातील स्वादुपिंड ते तयार करते. इन्शुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साठून राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. "खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार" ही जुनी समजूत आता टिकत नाही. अंगावर मूठभर मांस नसलेल्या माणसांनाही तो होतो. असे का व्हावे?

इंग्लंडमधील जुन्या वह्या

या प्रश्नाचा पहिला धागा सापडला तो इंग्लंडमध्ये. तिथल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून एक शिस्त पाळली जात होती. सुइणींच्या कामावर देखरेख करणाऱ्या एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी ती घालून दिली होती. प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि ते वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहून ठेवायचे. आईचे दूध मिळाले की नाही, दात किती आले, याचीही नोंद करायची. त्या वह्या पुढे कित्येक वर्षे जपून राहिल्या.

डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उघडल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मतः आणि वर्षाचे झाल्यावर ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. दोन वर्षांनी मधुमेहाच्या बाबतीतही तसाच संबंध दिसला. पोटात असताना पोषण कमी पडले तर बाळाचे शरीर काटकसर शिकते, आणि ती सवय जन्मभर सुटत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. सुरुवातीला अनेकांनी या कल्पनेवर विश्वास ठेवला नाही. पण एका सुइणीच्या देखरेखदार बाईंची टापटीप सत्तर-ऐंशी वर्षांनी वैद्यकशास्त्राच्या अशी उपयोगी पडली, हे खरे.

पुण्याची मुले

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रुग्णांवर काम करीत होते. त्यांचे रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांतल्या रुग्णांपेक्षा निराळे होते. वयाने तरुण, अंगाने बारीक आणि तरी मधुमेही. म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. के.ई.एम.मध्येच जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी केली. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात, साखर पाजल्यानंतर, ग्लुकोज आणि इन्शुलिन जास्त चढत होते. हे १९९५ साली प्रसिद्ध झाले.

पुढे आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी झाली आणि १९९९ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त कोणत्या मुलांत होती? जी जन्मतः लहानखुरी होती आणि आठव्या वर्षापर्यंत वजनाने भरली होती, त्यांच्यात! म्हणजे वाटी-चमचा घेऊन मागे लागून आपण ज्याला कौतुकाने "अंग धरलं हो पोरानं" म्हणतो, तेच मूल. हे वाचून आपल्यापैकी कितीतरी जणी क्षणभर थबकतील.

सहा गावांतील बायका

मुले जन्मल्यावर मोजून पुरेसे कळत नव्हते. आई गरोदर असताना, खरे तर त्याही आधी, काय घडते ते पाहायला हवे होते. त्यासाठी १९९३ साली पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. के.ई.एम.ला खेडी नवी नव्हती. डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकापासून वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. १९९३ सालीच त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

या सहा गावांतल्या लग्न झालेल्या बायकांकडे कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख विचारून लिहून घेत. त्यामुळे दिवस राहिले की ते लवकर कळे. मग आईचे वजन, रक्त, जेवण, कष्ट, सगळ्याची नोंद. बाळ जन्मले की त्याची लांबी, डोके, पोट, दंड मोजायचे. शिवाय कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी पाहायची, म्हणजे आतल्या चरबीचा अंदाज येतो. ओल्या बाळंतिणीच्या घरी जाऊन हे करायचे म्हणजे किती विश्वास संपादन करावा लागला असेल, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

या आयांची उंची सरासरी पाच फूट आणि वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. पूर्ण दिवस भरलेल्या ६३१ बाळांची मापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी ताडून पाहिली गेली. आपल्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिथल्या बाळाचे ३.५ किलो. यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. आपले बाळ सगळ्याच मापांत लहान होते. त्याचे पोट आणि दंड फारच बारीक होते. म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव आणि स्नायू कमी भरले होते. पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती! किडकिडीत, तरी चरबीदार, असे हे बाळ. २००३ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष आपल्या या चिमुकल्यांकडे गेले. त्याच्या आदल्या वर्षी नाळेतल्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा आपल्या बाळांचे इन्शुलिन जास्त आढळले होते.

हे कसे होते? घरात पैसा कमी पडला की आपण काय करतो? मुलांच्या फीला हात लावत नाही, नव्या पडद्यांचा बेत पुढे ढकलतो. गर्भही तेच करतो. आलेल्या पोषणातून आधी मेंदूची सोय लावतो. यकृत, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पुढे साखर वापरायचे मोठे काम स्नायूंचे, इन्शुलिन बनवायचे काम स्वादुपिंडाचे. दोघांचीही सुरुवातच तुटपुंजी झाली, तर मोठेपणी बैठे काम आणि भरपूर खाणे सुरू होताच ती जोडी थकते.

मोठ्यांतही हा फरक कसा लपून राहतो, त्याचे एक मजेदार उदाहरण डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर सारखे, आतून निराळे.

त्यांच्या ताटात काय होते?

आता आपल्या विषयाकडे येऊ. या बायका दिवसाला साधारण १,८०० कॅलरींच्या आतच खात होत्या. शेतातली कामे, पाणी भरणे, घरचे सगळे उरकणे चालूच. सर्वांना वाटले होते की जिने जास्त खाल्ले, जास्त प्रथिने घेतली, तिचे बाळ मोठे असेल. तसा संबंध दिसला नाही. २००१ साली जे प्रसिद्ध झाले ते असे, की साधारण साडेचार महिन्यांच्या सुमारास ज्या दूध जास्त वेळा घेत होत्या आणि सातव्या महिन्यात हिरव्या पालेभाज्या व फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे चांगल्या वजनाची होती. ज्यांचे अंगमेहनतीचे काम फार होते, त्यांच्या बाळांचे वजन कमी भरले, हेही पुढे दिसले.

म्हणजे भाकरी किती, यापेक्षा भाकरीबरोबर काय, हा प्रश्न महत्त्वाचा. मेथी, चाकवत, राजगिरा, शेपू, अंबाडी. बाजारात जुडी महाग नसते. निवडायला वेळ लागतो म्हणून ती मागे पडते, आणि केलीच तर पातेल्याच्या तळाशी उरलेली दोन चमचे भाजी घरातल्या सुनेच्या वाट्याला येते.

'बी-बारा'ची गोष्ट

रक्ताच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट कळली. या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात 'बी-१२' जीवनसत्त्व कमी होते. फोलेट म्हणजे फॉलिक आम्ल मात्र जवळजवळ सगळ्यांचे ठीक होते. फोलेट पालेभाज्यांतून मिळते, शिवाय गरोदरपणी गोळ्याही मिळतात. बी-१२ वनस्पतीत मिळत नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच येते.

मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २००८ साली निष्कर्ष आला तो असा. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. ही दोन जीवनसत्त्वे बैलगाडीच्या दोन बैलांसारखी आहेत. एकच बैल जोरात ओढू लागला तर गाडी सरळ चालत नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. हे वाचून कुणीही फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत. बाळाच्या मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे गंभीर व्यंग टाळण्यासाठी त्या आवश्यक आहेत. फक्त जोडीला बी-१२ पुरेसे आहे की नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

अठरा वर्षांनंतर

सहा गावांतली ती बाळे मोठी झाली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. अठराव्या वर्षी ६१९ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा वर होती. प्रत्यक्ष मधुमेह एकालाच होता, बाकीचे उंबरठ्यावर. आणि यातली मेख अशी, की एकूण मुलामुलींतले ४८ टक्के कमी वजनाचे होते! लठ्ठपणा नाही, ऐषआराम नाही, वय अठरा, आणि तरी साखर वर. पोटात असताना वाढ कमी झालेल्यांत आणि सहाव्या-बाराव्या वर्षीच उपाशीपोटीची साखर थोडी जास्त असलेल्यांत हे विशेष दिसले.

मग त्यावर उपाय? २०१२ साली याच मुलामुलींना हाताशी धरून नवा प्रयोग सुरू झाला. काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याबरोबर इतर जीवनसत्त्वे आणि दूध पावडर, तर काहींना नुसती औषधविरहित गोळी. हे सारे लग्नाच्या, दिवस राहण्याच्या आधीपासून, पहिल्या बाळंतपणापर्यंत. त्यातल्या मुलींना पुढे झालेली बाळे दोन वर्षांची झाल्यावर तपासली. केवळ बी-१२ घेतलेल्या आयांची बाळे आकलनात आणि भाषेत सरस निघाली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. बाळांची संख्या लहान होती, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. पण दिशा कळते.

दिवस राहण्याच्या आधीपासून का, हे लक्षात घ्या. बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. आपल्याला पाळी चुकल्याचे नक्की कळेपर्यंत, उलट्या थांबेपर्यंत, त्यातला बराच काळ गेलेला असतो. सातव्या महिन्यात थाटाने डोहाळजेवण करावे, जरूर करावे. पण तोवर पाया भरून झालेला असतो. त्या पायाचा माल यायचा तो मुलीच्या माहेरच्या ताटातून, तिच्या तेरा-चौदा वर्षांच्या वयापासून.

दोष कुणाचा?

"म्हणजे मुलाला मधुमेह झाला तर तोही आईमुळेच का?" असा प्रश्न एखाद्या सासूबाई विचारतील आणि एखाद्या सुनेच्या डोळ्यांत पाणी येईल. तसे अजिबात नाही. आईने खाल्ले नाही, हे खरे कारण नसतेच. तिला मिळाले नाही, हे असते. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खायचे, दूध आधी पुरुषांना आणि मुलग्यांना, उपास आठवड्यातून दोन, आणि लग्न वयाच्या मानाने लवकर. हे घराचे ठरवणे असते, एकट्या आईचे नव्हे. शिवाय वडिलांची उंची आणि प्रकृतीही बाळाकडे येतेच. आणि जन्मतः वजन कमी म्हणजे मधुमेह ठरलेलाच, असेही नाही. धोका थोडा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. तो धोका पुढच्या वाटेवर पुष्कळ कमी करता येतो.

घरच्या घरी काय करता येईल?

मुलगी वयात आली की: तिच्यासाठी रोज दूध किंवा दह्याची वाटी बाजूला काढून ठेवावी. चहातले चमचाभर दूध यात धरू नये. घरात चालत असेल तर अंडे, मासे द्यावेत. पालेभाजी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी तिच्या ताटात पुरेशी पडावी. "बारीक राहायचंय" म्हणून जेवण टाळत असेल तर प्रेमाने पण ठाम राहावे.

शुद्ध शाकाहारी घरात: बी-१२ची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे अगदी कणभर असते, पण ती भागावी लागते. आंबवलेल्या पदार्थांतून ते मिळते, या समजुतीवर विसंबू नये. हातापायांना मुंग्या, सतत थकवा, विसराळूपणा असेल तर रक्त तपासून घ्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दिवस राहिल्यावर: पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्याच्या दरम्यान साखरेची तपासणी करून घ्यावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. आईची साखर वाढली तर तीही बाळाला बाधते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि पुढेही अधूनमधून करीत राहावी. जड कामे घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत.

बाळ लहानखुरे असेल तर: पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. पुढे वरचे अन्न घरचेच आणि चौरस असावे. वाढ डॉक्टरांकडच्या तक्त्यावर बघावी, शेजारच्या बाळाकडे बघून ठरवू नये. साखर, बिस्किटे, तळकट घालून वजन "भरून काढायचा" हट्ट सोडावा. त्याला वजनापेक्षा स्नायू हवे आहेत, आणि ते अंगणात धावूनच येतात.

मोठ्यांसाठी: वजनाच्या काट्याबरोबर शिवणाची टेपही वापरावी. कमरेचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. तिशी उलटली की साखर एकदा तपासून घ्यावी. "मी तर काडी आहे, मला कशाला?" असे म्हणू नये. काडी माणसांचीच तर ही सारी कथा आहे.

या सहा गावांतल्या बायकांनी वर्षानुवर्षे आपले दार उघडे ठेवले, रक्त दिले, बाळे मोजू दिली. त्यातून जे निघाले ते सांगायला अगदी साधे आहे. आजच्या मुलीचे ताट म्हणजे उद्याच्या नातवंडांची प्रकृती. तेव्हा आज संध्याकाळी पाने मांडाल तेव्हा लेकीचे आणि सुनेचे पान सगळ्यांच्या बरोबरीने मांडा, पालेभाजीचा डाव तिथेही भरून फिरवा, आणि स्वतःसाठीही वाटीभर दही राखून ठेवायला विसरू नका!